भुवईचा प्रश्न

केतकी मगदूमने स्वतःचे दोन चेहरे शेजारी शेजारी पाहिले, तेव्हा तिला आधी हसूच आलं. पडद्यावर दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. तेच रुंद कपाळ, हनुवटीवर तोच तीळ, तोच जरा वाकडा भांग. फक्त गेलं वर्षभर डाव्या कानाखाली हाताला लागणारी सुपारीएवढी गाठ दोघींनाही नव्हती. तिच्या जागी कानाच्या पुढून मानेकडे उतरलेली एक बारीक रेघ होती.

"ह्या दोन्ही तुम्हीच," विमा कंपनीच्या मिरज कचेरीतल्या वहिदा मुजावर म्हणाल्या. "ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी. ही इथल्या डॉक्टर हेरवाडेंच्या हातची, आणि ही पुण्याच्या डॉक्टर सबनीसांच्या हातची."

त्यांचं बोलणं केतकीच्या मांडीवरच्या बोलपाटीवर अक्षरांत उमटलं. केतकी जन्मापासून बहिरी. मिरजेतल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत ती पहिली-दुसरीला शिकवायची. बोलपाटी म्हणजे शाळेतल्या पाटीएवढी काच. समोरच्याचं बोलणं ती लिहून दाखवायची, आणि केतकीच्या खुणा पाहून त्या मराठीत बोलून दाखवायची. शेजारी तिचा नवरा अजित बसला होता. त्याला ऐकू यायचं. सौर पंप दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. केतकीशी बोलता यावं म्हणून लग्नाआधी तो खुणांची भाषा शिकला, आणि आता दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतानाही त्याचे हात थांबत नसत.

"कोण जास्त छान दिसते?" केतकीने त्याला विचारलं.

"दोघीही. पण दोघी गप्प आहेत, त्यामुळे मला जरा संशय येतोय."

गाठ साधी होती, कर्करोगाची नव्हे. कानाच्या पुढे, गालाच्या मागे लाळेची एक ग्रंथी असते, तिच्यात ती वाढली होती. दुखत नव्हती. पण अशी गाठ वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर पुढेमागे बिघडू शकते, म्हणून काढायची. अडचण होती ती जागेची. आपला चेहरा हलवणारी नस नेमकी त्या ग्रंथीतून जाते आणि आत तिला पाच फांद्या फुटतात. गाठ काढायची तर त्या फांद्या एकेक करून मोकळ्या करायच्या, न तोडता आणि न ताणता. हे कोणाला चांगलं जमतं ते पूर्वी लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून ठरवत. आता ते प्रतिदेह सांगायचा.

प्रतिदेह म्हणजे रोग्याच्या शरीराची संगणकात बनवलेली हुबेहूब प्रत. स्कॅनमधून प्रत्येक नस, शीर, स्नायू जिथल्या तिथे बसवलेला. आणि डॉक्टरांचीही एक प्रत असे. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या हातमोज्यांतली यंत्रं टिपून ठेवत, की चिमटा किती दाबला, कात्री कुठे थबकली, कातडी किती ओढली. शेकडो शस्त्रक्रियांनंतर त्या डॉक्टरच्या हाताची ढब यंत्राला पाठ होई. तिला हस्तठसा म्हणत. कंपनी रोग्याच्या प्रतिदेहावर एकेका डॉक्टरचा हस्तठसा हजारो वेळा चालवून पाही, आणि ज्याचे निकाल सर्वांत चांगले त्याचा सगळा खर्च पॉलिसीत बसवी. दुसरा डॉक्टर हवा असेल तर खुशाल जा, पण मग कंपनी खर्चाचा थोडासाच वाटा उचलणार.

केतकीच्या गाठीसाठी हेरवाडे पहिले आले होते.

"गाठीचं आवरण फाटत नाही, म्हणजे गाठ परत यायची भीती नाही," मुजावर सांगत होत्या. "डोळा नीट मिटतो, ओठ सरळ राहतात. शिवाय मिरजेतल्या मिरजेत. मॅडम, माझ्या बहिणीला गाठ असती तरी मी हेच सांगितलं असतं."

पडद्यावरची पहिली केतकी हसली. तिने डोळे मिटले, गाल फुगवून दाखवले. दुसरीनेही तेच केलं. फरक काही दिसेना.

"हे चेहरे हसतात," केतकीने खूण केली आणि बोलपाटी बोलली. "त्यांना प्रश्न विचारता येतो का?"

"म्हणजे? कळलं नाही."

"तुम्ही म्हणता 'जेवलात' आणि 'जेवलात का'. फरक फक्त 'का'चा. आमच्या भाषेत त्या 'का'साठी हात हलत नाही. हात दोन्ही वेळी तसेच. भुवया वर गेल्या की प्रश्न होतो."

मुजावरांनी पडद्यासमोरचा कॅमेरा तिच्याकडे वळवला. आता केतकी चेहऱ्याची जी हालचाल करील, ती पडद्यावरचा चेहरा त्याच्या नशीत जेवढं बळ उरलं असेल तेवढी करणार होता. केतकीला एक युक्ती सुचली. कॅमेरा पडद्याच्या पाठीला लावून ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पडद्याच्या दोन बाजूंनी पुढे काढले. समोरून पाहणाऱ्याला चेहरा यंत्रातल्या केतकीचा आणि हात खऱ्या केतकीचे दिसू लागले. कळसूत्री बाहुलीसारखं ते ध्यान पाहून मुजावर तोंडाला पदर लावून हसल्या. अजितने बोलपाटी पडद्यासमोर धरली.

आधी सबनीसांच्या हातचा चेहरा. केतकीने खूण केली.

"तुम्ही जेवलात का?" बोलपाटी म्हणाली.

"जेवले की," मुजावर हसतच म्हणाल्या.

मग हेरवाडेंच्या हातचा. हात तेच, खूण तीच. पण डावी भुवई जागची हलली नाही, उजवी तेवढी वर गेली.

"तुम्ही जेवलात म्हणे!" बोलपाटी म्हणाली.

मुजावरांचं हसू थांबलं. बोलपाटीचा तो खवचट सूर ऐकून त्यांना क्षणभर खरोखरच वाटलं, की आपण डबा खाल्ल्याचा हिशेब ही बाई मागतेय.

केतकी पडद्यामागून बाहेर आली. "माझ्या वर्गात सहा-सात वर्षांची पोरं आहेत," तिने सांगितलं. "'गृहपाठ केलास का' असं मी विचारणार, आणि त्यांना दिसणार, 'केलास म्हणे गृहपाठ'. एकेक पोर रडवेलं होऊन घरी जाईल."

मुजावरांनी यंत्रात शोधून पाहिलं. निकालात डोळ्याला गुण होते, ओठांना होते, लाळेलासुद्धा होते. भुवईला एकही नव्हता. भुवई पडली तर काय बिघडतं, असं ठरवणाऱ्यांना वाटलं असणार.

"हे वरून ठरतं. माझ्या हातात नाही ओ," त्या म्हणाल्या, आणि त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. "मी लिहून कळवते. पण उत्तर यायला वर्ष जाईल."

"पडद्यावरचा हा चेहरा कुणाचा?" केतकीने विचारलं.

"तुमचाच की."

"मग मला द्या."

मुजावर गोंधळल्या. त्यांनी कुणाला तरी फोन केला, मग आणखी कुणाला तरी. शेवटी म्हणाल्या, "देता येतो. नियमात तुमचाच आहे. आजवर कुणी मागितला नाही, एवढंच."

घरी येताच अजितने निकाल लावून टाकला. "पुण्याला जायचं. सबनीस."

"आणि घर?"

मालगाव रस्त्याला त्यांचं घर बांधून होत होतं. स्वयंपाकघर आणि बैठकीत भिंत नव्हती, चुलीपाशी उभं राहूनही दारातल्या माणसाचे हात दिसावेत म्हणून. सबनीसांकडे गेलं तर पैसे तिकडे जाऊन ते काम छपराआधीच थांबणार होतं.

"थांबेल. भिंती काही पळून जात नाहीत. केतकी, मी तुझ्या चेहऱ्याकडे बघून तुझी भाषा शिकलोय. माझी आता परत शिकायची तयारी नाही."

मग तिने विचारलं, "हेरवाडेंना हे कुणी सांगितलंय का?"

"काय?"

"त्यांच्या हातून भुवया पडतात, हे."

कुणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना प्रतिदेह दाखवायचा नाही, अशी कंपनीची पद्धत होती. दाखवला तर ते परीक्षेपुरती घोकंपट्टी करतील, ही भीती. त्यामुळे यंत्र हाताला गुण देई, पण तो हात ज्याचा त्याला आपण कुठे चुकलो हे कधी कळतच नसे.

डॉक्टर निरंजन हेरवाडे चाळिशीचे, चष्मेवाले होते. त्यांना खुर्चीत नीट टेकून बसायलाही वेळ नसे. प्रतिदेह पाहताना आधी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे माझं काम?"

"यंत्र म्हणतंय," अजित म्हणाला.

डॉक्टरांनी ती हजार वेळा झालेली शस्त्रक्रिया सावकाश करून पुन्हा पुन्हा पाहिली. मग त्यांनी आपला तळवा कानावर ठेवून बोटं चेहऱ्यावर पसरली. "नस अशी असते. ही पाच बोटं म्हणजे पाच फांद्या. अंगठा कपाळाकडे जातो. आत शिरताना मी वरची कातडी आकड्याने अशी वर ओढून धरतो, म्हणजे मूळ नस चटकन दिसते. त्यात हा अंगठा ताणला जातोय." ते थांबले. "मला शिकवणाऱ्यांनी असंच शिकवलं. आणि भुवईची तक्रार आजवर कुणी केली नाही."

"माणसं चेहरा वाचला म्हणून खूश होऊन घरी जात असतील," बोलपाटीने केतकीचं म्हणणं सांगितलं. "मीसुद्धा गेले असते. पण मला भुवई लागते."

"कशाला?"

तिने सांगितलं. डॉक्टर ऐकत होते, म्हणजे बघत होते. पुढचे रोगी बाहेर खोळंबले होते, पण ते जागचे उठले नाहीत.

"मला हा प्रतिदेह ठेवू द्याल?" त्यांनी शेवटी विचारलं. "मला हात बदलून बघायचाय. आणि तुम्ही येत जा. मी काय वाचवायचं ते मला दिसायला हवं."

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटली की केतकी त्यांच्या दवाखान्यात जाऊ लागली. ते मोजे चढवून तिच्या प्रतिदेहावर शस्त्रक्रिया करायचे. आकडा बाजूला ठेवून बोटाने कातडी धरायचे, नस मुळाऐवजी टोकाकडून शोधायचे. सुरुवातीला भुवई वाचायची तर गाठीचं आवरण फाटायचं. ते पुन्हा नव्याने सुरू करायचे. प्रत्येक वेळी संपल्यावर पडद्यावरची केतकी काहीतरी विचारायची आणि खरी केतकी मान हलवायची. नाही. अजून नाही.

मधल्या वेळात ती त्यांना खुणा शिकवायची. दोन्ही भुवया वर, म्हणजे हो की नाही ते सांग. एकच वर, म्हणजे काहीतरीच काय सांगतोस. दोन्ही जवळ आल्या की का, कसं, कुठे. हलकेच उचलून सोडल्या की 'हो ना गं'. डॉक्टर आरशासमोर सराव करायचे. त्यांच्या मदतनीस सिस्टरने एकदा ते पाहिलं आणि केतकीला न्यायला आलेल्या अजितला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरांचं काही बिनसलंय का हो? सारखे माझ्याकडे बघून दचकतात."

केतकी घरी आली की हे सगळं सांगायची आणि हसून हसून तिची गाठ हलायची. अजितही हसायचा, पण पुण्याची वेळ त्याने घेऊन ठेवली होती. ती त्याने रद्द केली नव्हती.

शेवटी मुजावरांनी हेरवाडेंचा नवा हस्तठसा पुन्हा चालवून पाहिला. नियमाप्रमाणे हस्तठसा वर्षातून एकदाच बदलत असे. मुजावरांनी ती 'चाचणी' म्हणून चालवली आणि वरिष्ठ विचारतील तेव्हा बघू, असं ठरवलं. तिघं पडद्यासमोर बसली. डोळे, ओठ, आवरण, सगळं जागच्या जागी होतं. भुवई सबनीसांच्या अगदी जवळ आली होती. अगदी जवळ, पण थोडी मागे.

"मागे आहे," अजित म्हणाला.

"थोडीशी."

"थोडीशी का होईना, मागे आहे. मी घर विकायला तयार आहे आणि तू थोडीशी म्हणतेस."

केतकीने त्याचे हात धरले. खुणांच्या भाषेत हे समोरच्याचं तोंड दाबण्यासारखंच, आणि एरवी ती असं कधी करत नसे. मग तिने ते सोडले.

"ऐक. आत गेल्यावर यंत्राने दाखवलं तसंच सगळं असेल, असं नाही. काहीतरी वेगळं निघेल, आणि डॉक्टरांना तिथल्या तिथे ठरवावं लागेल, काय जपायचं आणि काय जाऊ द्यायचं. त्या वेळी मी बेशुद्ध असेन. तू बाहेर असशील."

"सबनीसांनाही सांगता येईल."

"येईल. हेरवाडेंना सांगावं लागणार नाही."

मुजावर खिडकीबाहेर बघत राहिल्या. हे आपल्यासमोर चाललं नसतं तर बरं, असं त्यांना वाटत होतं, आणि उठून जावंसंही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजितने पुण्याला फोन करून वेळ रद्द केली, आणि मग दुकानात जाऊन एक चांगला चालणारा पंप उगीचच उघडून पुन्हा जोडला.

आत वेगळं निघालंच. गाठीने कपाळाकडे जाणारी फांदी बाजूला रेटून स्वतःला चिकटवून घेतली होती. स्कॅनमध्ये ते दिसलं नव्हतं. हेरवाडेंनी सगळ्यांना थांबायला सांगितलं, दोन्ही हात वर घेतले, आणि मग टोकाकडून, केसाकेसाने ती फांदी सोडवत आणली. शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा बरीच लांबली. बाहेर येऊन त्यांनी अजितला गाठला आणि सवयीने हातांनीच सांगायला सुरुवात केली.

"गाठ पूर्ण. नस पूर्ण. नस दमली."

"डॉक्टर, मला ऐकू येतं," अजित म्हणाला, आणि मग त्याला रडू आलं.

दमलेली नस लवकर उठेना. टाके निघाले, सूज उतरली, डोळा मिटू लागला, हसू सरळ झालं. डावी भुवई मात्र झोपलेली ती झोपलेलीच. "नस शाबूत आहे, वाट बघू," हेरवाडे म्हणत, पण स्वतः एक दिवसाआड येऊन बघून जात. केतकी प्रश्न विचारायचा झाला की बोटाने हवेत प्रश्नचिन्ह काढायची. शाळेत जायचं तिने पुढे ढकललं. पुण्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. अजितने तर तिकडच्या बहिणीचा फोनही, बोलपाटीवर अक्षरं उमटू नयेत म्हणून, अंगणात जाऊन घेतला.

एका दुपारी त्याने खिचडी केली. केतकीने पहिला घास घेतला आणि थांबली. तिने ताटाकडे पाहिलं, मग अजितकडे.

"साखर घातलीस?"

अजित बघत राहिला.

"मिठाऐवजी साखर घातलीस?"

त्याचा घास हातातच होता.

"अरे, मी काहीतरी विचारतेय!"

"परत विचार," तो म्हणाला.

"साखर घातलीस?"

"परत."

आता ती चिडली. चिडून तिने विचारलं तेव्हा कपाळाला ओढ लागल्याचं तिचं तिलाच जाणवलं. हात हळूच वर गेला. उजवी भुवई वर होती. डावी तिच्या मागोमाग, जरा आळशीपणाने, पण वर गेली होती.

मग तिने उसंत दिली नाही. दूध तापवलंस? दुकानाला कुलूप लावलंस? बहिणीला फोन केलास? मी आवडते? उद्याही आवडेन? अजित हो, हो, हो म्हणत गेला. त्यातलं कुलपाचं उत्तर खोटं होतं, पण ते त्याला संध्याकाळी आठवलं. खिचडी तशीच गार झाली आणि नंतर दोघांनी ती गोड समजून खाल्ली.

मुजावरांचं लिहिणं वरपर्यंत पोचलं. 'चाचणी'बद्दल त्यांना आधी जाब विचारला गेला आणि मग पुण्याच्या मुख्य कचेरीत बोलावून तीच चाचणी सगळ्यांना करून दाखवायला सांगितली गेली. पुढे कंपनीने पद्धत बदलली. हस्तठसा चालवायच्या आधी आता रोग्याला विचारत, की तुम्हाला काय जपायचं आहे. एक सनईवादक म्हणाला, गाल. एक आजी म्हणाल्या, नातवंडांना शीळ घालून उठवते ती शीळ. त्याप्रमाणे गुण बदलत, पहिला येणारा डॉक्टरही कधी कधी बदले, आणि त्याला रंगीत तालमीसाठी प्रतिदेह मिळे. सगळंच सुरळीत झालं असं नाही. पण मिरजेच्या कचेरीत मुजावरांच्या टेबलापुढे माणसं पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसू लागली आणि जास्त बोलू लागली.

केतकी शाळेत परतली. तिने हेरवाडेंना एका सकाळी वर्गात बोलावलं. मुलांना तिने एवढंच सांगितलं, की हे माझे स्नेही आहेत आणि ते आपली भाषा शिकतायत.

बहिऱ्यांच्या जगात माणसाला खुणेचं नाव असतं. ते मागून मिळत नाही. लोक तुम्हाला बघतात, त्यांचं आपसात ठरतं, आणि मग ते देतात. केतकीने ते डॉक्टरांना दारातच सांगितलं होतं. हेरवाडे पोरांपुढे अवघडून उभे होते. आपलं नाव सुरीचं असेल की सुईचं, असा विचार त्यांच्या मनात चालला होता. पोरं डोकी जवळ घेऊन हातवारे करत होती. शेवटी दोन वेण्या घातलेली एक मुलगी पुढे आली आणि तिने मनगटाच्या मागच्या बाजूने नाकावरचा नसलेला चष्मा वर सरकवला.

डॉक्टरांना कळेना. "असं का?" त्यांनी भुवया जवळ आणून, अगदी बरोबर विचारलं.

"तू करतोस," मुलगी म्हणाली.

रक्ताळलेले मोजे चष्म्याला लागू नयेत म्हणून शस्त्रक्रियेत चष्मा मनगटाने वर करायचा. इतक्या वर्षांत ते अंगवळणी पडलं होतं आणि त्यांचं त्यांना कधी कळलंही नव्हतं. त्यांनी नवं नाव स्वतः करून दाखवलं. सगळ्या वर्गाने दोन्ही हात हवेत उंच करून बोटं थरथरवली. बहिऱ्यांच्या टाळ्या अशा असतात. ते पाहून हेरवाडेंचे डोळे भरून आले, चष्मा घसरला आणि त्यांनी तो नेहमीसारखा मनगटाने वर केला.

पाहुण्याने पुन्हा आपलं नाव सांगितलं, असं पोरांना वाटलं. मग एकेका पोराने उठून, रांगेने, आपापलं नाव सांगितलं. तेवढ्यात चष्मा पुन्हा घसरला.